सुपरमार्केटमधल्या ५ चिठ्ठ्यांसाठी ७ वर्षांची शिक्षा : आपल्याच देशाच्या युद्धाला 'नको' म्हणणाऱ्या रशियनांचं पुढं काय झालं?

तारीख ३१ मार्च २०२२. रशियातलं सेंट पीटर्सबर्ग शहर.

युक्रेनवर हल्ला होऊन पाच आठवडे झाले होते. साशा स्कोचिलेन्को नावाची एक चित्रकार नेहमीसारखी एका सुपरमार्केटमध्ये शिरली. फळीवरच्या वस्तूंसमोर किमतीच्या छोट्या चिठ्ठ्या लावलेल्या असतात ना, त्यातल्या ५ चिठ्ठ्या तिनं काढल्या आणि तिथं स्वतः आणलेल्या ५ चिठ्ठ्या लावल्या. दिसायला अगदी तशाच. पण त्यावर किमतीच्या जागी युद्धाच्या बातम्या होत्या. मारियुपोलमधल्या एका कलाशाळेवर रशियन सैन्यानं बॉम्ब टाकला, आत शेकडो लोक आसऱ्याला होते, अशा आशयाच्या.

दुकानात आलेल्या एका वृद्ध बाईनं ती चिठ्ठी वाचली आणि तक्रार केली. पोलिसांनी सीसीटीव्ही तपासले, माग काढला आणि ११ एप्रिलला साशाला उचललं. दीड वर्ष खटला चालला. १६ नोव्हेंबर २०२३ ला निकाल आला.

शिक्षा, ७ वर्षं तुरुंगवास.

कोर्टातल्या शेवटच्या निवेदनात साशानं विचारलं, की कागदाच्या पाच कपट्यांनी आपला देश कोसळेल असं सरकारी वकिलांना वाटत असेल, तर त्यांचा आपल्या देशावर विश्वास तरी किती कमी आहे?

या प्रश्नातच या सगळ्या विषयाची मेख आहे.

आपल्याकडं सोशल मीडियावर रशिया-युक्रेनचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास येतात. पहिलं, "रशियातली जनता पुतीन यांच्या पाठीशी आहे, नाहीतर रस्त्यावर उतरली नसती का?" आणि दुसरं, "उतरून तरी काय उपयोग? युद्ध थोडंच थांबतंय." ही दोन्ही वाक्यं तपासून बघायची तर आधी एक गोष्ट समजून घ्यावी लागते. या युद्धाला साम्राज्यवादी युद्ध का म्हटलं जातं?

हे युद्ध नेमकं कशासाठी?

२४ फेब्रुवारी २०२२ ला रशियन फौजा तीन बाजूंनी युक्रेनमध्ये घुसल्या. रशियानं कारणं दिली ती नाटोच्या विस्ताराची, दोनबासमधल्या रशियन भाषिकांच्या रक्षणाची. नाटोचा मुद्दा खोटा आहे असं नाही. नाटो पूर्वेकडं सरकत गेली, हे नकाशावर दिसतं आणि त्यावर वाद होऊ शकतो.

पण पुतीन स्वतः काय बोलत होते, तेही बघायला पाहिजे.

जुलै २०२१ मध्ये, म्हणजे हल्ल्याच्या सात महिने आधी, त्यांनी एक लांबलचक लेख लिहिला. रशियन आणि युक्रेनियन हे मुळात एकच लोक आहेत, आजचा युक्रेन ही सोव्हिएत काळानं तयार केलेली गोष्ट आहे, असा त्याचा सूर. जून २०२२ मध्ये त्यांनी झार पीटर द ग्रेटचा दाखला दिला. पीटरनं स्वीडनकडून प्रदेश हिसकावला नाही, आपलाच परत घेतला आणि आता तेच काम आपल्या वाट्याला आलंय, असं ते म्हणाले. त्यानंतर ३० सप्टेंबर २०२२ ला रशियानं डोनेत्स्क, लुहान्स्क, झापोरिझ्झिया आणि खेरसन हे चार प्रांत आपले असल्याचं जाहीर करून टाकलं. गंमत म्हणजे या चारही प्रांतांचा पूर्ण ताबा तेव्हा त्यांच्याकडं नव्हताच.

दुसऱ्या बाजूला युक्रेनियन लोकांनी आपलं मत आधीच सांगितलं होतं. १ डिसेंबर १९९१ च्या सार्वमतात ९० टक्क्यांहून जास्त लोकांनी स्वातंत्र्याच्या बाजूनं मत दिलं. १९९४ मध्ये युक्रेननं आपल्या भूमीवरची अण्वस्त्रं सोडली आणि बदल्यात रशियानं त्यांच्या सीमा मान्य करण्याचा शब्द दिला.

शेजाऱ्याला देश म्हणून मान्यताच द्यायची नाही, त्याची जमीन ही आपली हरवलेली मालमत्ता आहे असं सांगायचं आणि ती फौजेनं परत घ्यायची. इंग्रजांचं राज्य बघितलेल्या देशातल्या माणसाला याला काय म्हणतात हे वेगळं सांगायची गरज नाही.

या युद्धाचा सगळ्यात मोठा प्रतिकार अर्थातच युक्रेनियन लोकांनी केला. खेरसन ताब्यात गेल्यावर तिथली साधी माणसं निळे-पिवळे झेंडे घेऊन रशियन सैनिकांच्या समोर उभी राहिली. मेलितोपोलच्या महापौरांना सैनिकांनी उचलून नेलं, तर लोक त्यांच्या सुटकेसाठी रस्त्यावर आले. मरण, घर जाणं, परागंदा होणं हे सगळं त्यांच्या वाट्याला आलं. ते विसरून रशियातल्या विरोधाची गोष्ट सांगता येत नाही.

पण आक्रमण होतं तेव्हा आणखी एक प्रश्न उरतो. ज्यांच्या नावानं हे आक्रमण चाललंय, त्या देशातल्या माणसानं काय करायचं?

रशियन लोक रस्त्यावर उतरले होते का?

उतरले होते. पहिल्याच दिवशी.

२४ फेब्रुवारीला रात्रीपर्यंत रशियातल्या ५० हून जास्त शहरांत निदर्शनं झाली आणि १,७०० हून जास्त लोकांना ताब्यात घेतलं गेलं. ६ मार्चला, म्हणजे एकाच रविवारी, हा आकडा ५ हजारांच्या आसपास गेला. रशियात अटकांची नोंद ठेवणाऱ्या 'ओव्हीडी-इन्फो' या संस्थेच्या नोंदींनुसार २०२२ या एका वर्षात युद्धाला विरोध केला म्हणून जवळपास २० हजार वेळा लोकांना ताब्यात घेण्यात आलं.

याच काळात, ४ मार्च २०२२ ला, रशियन संसदेनं एक कायदा केला आणि त्याच दिवशी पुतीन यांची सही झाली. सैन्याबद्दल 'खोटी माहिती' पसरवली तर १५ वर्षांपर्यंत कैद. सैन्याची 'बदनामी' केली तर पहिल्यांदा दंड, परत केली तर तुरुंग. आता खोटी माहिती म्हणजे काय? तर संरक्षण मंत्रालय जे सांगतं त्याच्या उलट काहीही. 'युद्ध' हा शब्दसुद्धा चालत नव्हता. म्हणायचं ते 'विशेष लष्करी मोहीम'.

त्याच महिन्यात फेसबुक आणि इन्स्टाग्राम बंद झालं. 'एको ऑफ मॉस्को' हे जुनं रेडिओ स्टेशन बंद पडलं. 'नोवाया गझेता' या वृत्तपत्राला प्रकाशन थांबवावं लागलं, ज्याच्या संपादकांना काही महिन्यांपूर्वीच शांततेचं नोबेल मिळालं होतं.

मग लोकांनी काय केलं? कोरा कागद हातात धरून उभे राहिले. त्यावर एक अक्षर नव्हतं, तरी पोलीस त्यांना उचलून नेत होते. 'युद्ध नको' या शब्दांच्या जागी अक्षरं मोजून नुसत्या चांदण्या काढल्या, तरी खटले झाले.

त्युमेन शहरात तर कमालच झाली. एका बाईनं खडूनं 'युद्ध नको'मधली मधली अक्षरं गाळून घोषणा लिहिली. पकडल्यावर तिनं कोर्टात सांगितलं, मी 'वोबला नको' असं लिहिलं होतं. वोबला हा रशियात खारवून खातात तो एक मासा. मला तो अजिबात आवडत नाही, असं तिचं म्हणणं. खालच्या कोर्टानं आधी चक्क केस बंद केली. तेव्हापासून रशियन इंटरनेटवर माशाचं चित्र म्हणजे युद्धाला विरोध, अशी खूणच पडून गेली.

नोकरी, पद, पगार... सगळं पणाला लावणारी माणसं

१४ मार्च २०२२ ला सरकारी 'चॅनेल वन'वर संध्याकाळच्या मुख्य बातम्या सुरू होत्या. निवेदिकेच्या मागून एक बाई फलक घेऊन आली. युद्ध थांबवा, या प्रचारावर विश्वास ठेवू नका, इथं तुम्हाला खोटं सांगितलं जातंय, असा मजकूर. तिचं नाव मरीना ओव्स्यानिकोवा. ती बाहेरून घुसलेली कोणी नव्हती, त्याच चॅनेलची संपादक होती. आधी दंड झाला, पुढच्या आंदोलनानंतर नजरकैद झाली. ती निसटून फ्रान्सला गेली. २०२३ मध्ये तिच्या गैरहजेरीत तिला साडेआठ वर्षांची शिक्षा सुनावण्यात आली.

दुसरे अलेक्सेई गोरिनोव. मॉस्कोतल्या एका वॉर्डचे नगरसेवक. मार्च २०२२ मध्ये त्यांच्या सभेत मुलांच्या चित्रकला स्पर्धेचा विषय आला. एरवी पाच मिनिटांत मंजूर होणारा विषय. गोरिनोव म्हणाले, युक्रेनमध्ये रोज मुलं मरतायत, अशा वेळी आपण स्पर्धा कसल्या घेतोय? सभेचं रेकॉर्डिंग झालेलं होतं. जुलैमध्ये त्यांना ७ वर्षांची शिक्षा झाली. नव्या कायद्याखाली प्रत्यक्ष तुरुंगवास झालेल्या पहिल्या माणसांपैकी ते एक. कोर्टातल्या काचेच्या पिंजऱ्यात उभं राहून त्यांनी एक कागद दाखवला. त्यावर लिहिलं होतं, तुम्हाला अजूनही हे युद्ध हवंय का?

तिसरे इल्या याशिन. विरोधी पक्षाचे नेते. युक्रेनमधल्या बुचा गावात झालेल्या हत्यांबद्दल ते यूट्यूबवर बोलले. साडेआठ वर्षं.

व्लादिमिर कारा-मुर्झा यांना तर देशद्रोहाखाली २५ वर्षं झाली. 'मेमोरियल' ही स्टालिनच्या काळातल्या बळींची नोंद ठेवणारी संस्था. तिला २०२२ चं शांततेचं नोबेल विभागून मिळालं आणि तिचे सत्तरीतले कार्यकर्ते ओलेग ओर्लोव यांना एका लेखासाठी अडीच वर्षांची शिक्षा झाली.

या यादीत क्रांतिकारक, बंदुका घेतलेले असे कोणी नाहीत. चित्रकार, नगरसेवक, टीव्हीची संपादक, म्हातारा अभ्यासक. आणि गुन्हा एकच, जे चाललंय त्याला त्याच्या खऱ्या नावानं हाक मारणं.

सगळ्यात मोठा विरोध मात्र पायांनी झाला

२१ सप्टेंबर २०२२ ला पुतीन यांनी 'आंशिक लष्करभरती' जाहीर केली. ३ लाख राखीव माणसांना बोलावणं जाणार होतं. तोपर्यंत टीव्हीवर बघायचं असलेलं युद्ध अचानक घराच्या दारात आलं.

जॉर्जियाच्या सीमेवर कित्येक किलोमीटर गाड्यांच्या रांगा लागल्या. लोक सायकलवरून सीमा ओलांडत होते. कझाकस्ताननं सांगितलं, दोन आठवड्यांत २ लाखांहून जास्त रशियन आमच्याकडं आलेत. या सगळ्यांना युक्रेनबद्दल कळवळा होता असं म्हणता येणार नाही. बऱ्याच जणांना फक्त मरायचं नव्हतं. पण मारायला आणि मरायला नकार देणं, हाही नकारच असतो.

सैन्याच्या आतूनही नकार आला. पावेल फिलात्येव हा पॅराट्रूपर खेरसनच्या मोहिमेत होता. जखमी होऊन परतल्यावर त्यानं जे बघितलं ते लिहून ऑगस्ट २०२२ मध्ये इंटरनेटवर टाकलं आणि देश सोडला. ग्रिगोरी स्वेर्दलिन यांनी 'इदीते लेसम' ही संस्था काढली, जी सैन्यातून पळणाऱ्यांना वाट दाखवते. नाव मोठं मजेशीर आहे. शब्दशः अर्थ 'जंगलातून जा', आणि बोलीभाषेत अर्थ 'चालते व्हा'. रशियातल्या 'मीडियाझोना' या स्वतंत्र माध्यमानं कोर्टांच्या नोंदी चाळल्या, तर २०२४ च्या मध्यापर्यंत विनापरवाना गैरहजर राहणं, आदेश नाकारणं, पळून जाणं अशा गुन्ह्यांचे १० हजारांहून अधिक खटले सापडले.

शेजारच्या बेलारूसमधून रशियन फौजा कीव्हकडं निघाल्या होत्या. तिथल्या काही लोकांनी रात्रीत रेल्वेच्या सिग्नल यंत्रणेच्या पेट्या जाळल्या, म्हणजे रणगाडे आणि दारूगोळा घेऊन जाणाऱ्या गाड्या रखडतील. यात पकडल्या गेलेल्या तिघांना २० वर्षांहून जास्त शिक्षा झाल्या.

लढायला कोणाला पाठवलं जातं?

साम्राज्याच्या युद्धांची एक जुनी रीत आहे. निर्णय राजधानीत होतो, मरायला मात्र लांबची आणि गरीब माणसं जातात.

रशियातही मॉस्कोच्या मानानं बुर्यातिया, तुवा अशा लांबच्या, गरीब प्रांतांतून मरणाऱ्यांचं प्रमाण कितीतरी जास्त आहे. त्यामुळंच भरतीची घोषणा झाल्यावर दागेस्तानच्या मखाचकला शहरात बायका थेट पोलिसांशी भिडल्या होत्या. २०२२ च्या उन्हाळ्यापासून 'वॅग्नर' या खासगी फौजेनं तुरुंगांतून हजारो कैदी भरती केले. सहा महिने लढा, जगलात तर माफी, असा सौदा.

आणि मग परदेशी आले. नेपाळी, क्यूबन आणि भारतीयसुद्धा. मदतनीसाची नोकरी, चांगला पगार असं सांगून नेलेली आपली पोरं थेट आघाडीवर पोहोचली. जानेवारी २०२५ मध्ये परराष्ट्र मंत्रालयानं दिलेल्या माहितीनुसार रशियन सैन्यात गेलेल्या भारतीयांची १२६ प्रकरणं होती, त्यातले ९६ परतले होते आणि १२ जणांचा मृत्यू झाला होता. म्हणजे 'दुसऱ्यांचं युद्ध' म्हणून सोडून द्यावं इतकं ते लांबही राहिलेलं नाही.

दुसऱ्याच्या साम्राज्यासाठी आपला माणूस लढायला पाठवला जातो, ही गोष्ट मुंबईला फार जुनी ओळखीची आहे.

ऑगस्ट १९४५ मध्ये इंडोनेशियानं डच सत्तेपासून स्वातंत्र्य जाहीर केलं होतं. तिथं डच राजवट परत येण्याची वाट मोकळी करून द्यायला इंग्रजांनी जे सैन्य वापरलं, त्यात मोठा भरणा भारतीय जवानांचा होता. १८ फेब्रुवारी १९४६ ला मुंबईत 'तलवार' या नाविक तळावर खलाशांनी संप पुकारला. निकृष्ट जेवण, गोऱ्या अधिकाऱ्यांची शिवीगाळ या तक्रारी होत्याच. पण त्यांच्या मागण्यांमध्ये आणखी एक मागणी होती, इंडोनेशियातून भारतीय सैन्य परत बोलवा. बघता बघता जवळपास २० हजार नौसैनिक या बंडात आले. मुंबईच्या गिरणी कामगारांनी त्यांच्यासाठी हरताळ केला, रस्त्यांवर गोळीबारात २०० हून जास्त माणसं गेली.

२३ फेब्रुवारीला बंड संपलं. वरवर बघितलं तर हरलं. पण भारतीय सैनिकाच्या जोरावर आता भारत ताब्यात ठेवता येणार नाही, हे इंग्रजांच्या लक्षात यायला त्या पाच दिवसांची मोठी मदत झाली.

मग विरोध करून युद्ध थांबलं का?

सरळ उत्तर, नाही थांबलं.

आणि ते एकट्या रशियाचं नाही. १५ फेब्रुवारी २००३ ला इराकवरच्या नियोजित हल्ल्याविरोधात जगभर लाखो माणसं रस्त्यावर आली, एकट्या लंडनमध्ये दहा लाखांच्या आसपास. पाच आठवड्यांत अमेरिका आणि ब्रिटननं इराकवर हल्ला केलाच. जे लोक "मग अमेरिकेनं केलं ते?" असं विचारतात, त्यांचा प्रश्न रास्तच आहे. पण त्याचं उत्तर "म्हणून रशियानं केलेलं चालेल" असं होत नाही. मोजपट्टी एकच ठेवायची तर दोन्ही चूक.

व्हिएतनामचं उदाहरण नेहमी दिलं जातं. २८ एप्रिल १९६७ ला मुहम्मद अली यांनी सैन्यात भरती व्हायला नकार दिला. जगज्जेतेपद गेलं, ५ वर्षांची शिक्षा झाली आणि ती सर्वोच्च न्यायालयात रद्द व्हायला जून १९७१ उजाडलं. अमेरिकन फौजा बाहेर पडायला १९७३. आणि हे त्या देशात, जिथं वर्तमानपत्रं सरकारचे गुप्त कागद छापू शकत होती, कोर्ट सरकारच्या विरोधात निकाल देऊ शकत होतं. रशियात यातलं काही नाही. तरीही तिथं विरोधाचा परिणाम झाला, फक्त तो मोर्च्यांच्या आकड्यांत शोधून सापडत नाही.

पहिला परिणाम म्हणजे, २०२२ च्या शरद ऋतूतली ती पळापळ बघितल्यावर क्रेमलिननं तशी उघड सक्तीची भरती पुन्हा जाहीर करायचं टाळलं. त्याऐवजी माणसं पैशानं घ्यायला सुरुवात केली. जुलै २०२४ मध्ये मॉस्को शहरानं नुसती सही करण्यासाठी १९ लाख रुबल देऊ केले. त्या वेळी रुबल आणि रुपया जवळपास बरोबरीत होता, म्हणजे अंदाज येईल. त्याच महिन्याच्या अखेरीस केंद्र सरकारनं आपला बोनस दुपटीहून जास्त करून ४ लाख रुबल केला. लोक खरोखर मनापासून युद्धाच्या मागं असते, तर त्यांना लढायला पाठवण्यासाठी एवढी बोली लावावी लागली असती का?

दुसरा परिणाम आकड्यांबद्दलचा. रशियातल्या सर्वेक्षणांत ७० टक्क्यांहून जास्त लोक सैन्याला पाठिंबा देतात. पण जिथं सुपरमार्केटमधल्या चिठ्ठीला ७ वर्षं मिळतात, तिथं फोनवर अनोळखी माणसानं "युद्धाबद्दल काय वाटतं?" विचारल्यावर कोण खरं बोलेल? त्याच सर्वेक्षणांत शांततेची बोलणी सुरू करावीत म्हणणारे निम्म्याहून जास्त लोकही असतात. सगळे विरोधात आहेत असंही यातून निघत नाही. पाठिंबा, भीती आणि 'आपल्याला काय करायचंय' ही वृत्ती यांचं ते मिश्रण आहे. पण "सगळा देश एकदिलानं मागं आहे" हा दावा या शिक्षा झालेल्या माणसांमुळंच उघडा पडतो.

जानेवारी २०२४ मध्ये ते दिसलंही. अध्यक्षपदासाठी बोरिस नादेझ्दिन नावाचे एक उमेदवार युद्ध थांबवण्याचा मुद्दा घेऊन उभे राहिले. अर्जासाठी १ लाख सह्या लागत होत्या. कडाक्याच्या थंडीत लोक सही करायला रांगा लावून उभे राहिले, कारण सही करणं तेवढं कायदेशीर होतं. निवडणूक आयोगानं सह्यांमध्ये चुका काढून अर्ज बाद केला.

बायकांची गोष्टही तीच. भरती झालेल्यांच्या बायकांनी 'पुत दोमोय', म्हणजे 'घरची वाट', हा गट काढला. पांढरे रुमाल बांधून त्या क्रेमलिनच्या भिंतीजवळच्या अज्ञात सैनिकाच्या समाधीवर फुलं वाहायच्या. मागणी एवढीच की आमची माणसं परत द्या. मे २०२४ मध्ये सरकारनं या गटाला 'परकीय हस्तक' ठरवलं.

युक्रेनियन लोकांना या रशियनांबद्दल काय वाटतं?

इथं थोडं अवघड आहे. बरेच युक्रेनियन म्हणतात, हे लोक खूप थोडे आहेत आणि खूप उशिरा जागे झाले. २०१४ मध्ये क्रायमिया घेतला तेव्हा हे कुठं होते? ज्याच्या घरावर क्षेपणास्त्र पडतंय त्यानं माशाच्या चित्राचं कौतुक करावं, अशी अपेक्षा धरता येत नाही. आणि या युद्धात मेलेल्या ज्या रशियन सैनिकांची नावं बीबीसी आणि मीडियाझोनानं एकेक करून पक्की केली, तो आकडा १ लाखाच्या वर गेलाय. म्हणजे न गेलेल्यांपेक्षा निमूट गेलेले पुष्कळ आहेत.

हा आरोप खरा आहे आणि तो खोडून काढायची गरज नाही. विरोध करणाऱ्या रशियनांपैकी अनेकजण तो मान्यही करतात.

पण रशियाच्या इतिहासात यापूर्वीही एकदा असं झालंय. ऑगस्ट १९६८ मध्ये सोव्हिएत रणगाडे चेकोस्लोव्हाकियात घुसले. २५ ऑगस्टला मॉस्कोच्या लाल चौकात फक्त ८ माणसं फलक घेऊन बसली. काही मिनिटांत त्यांना उचललं. कुणी तुरुंगात गेलं, कुणी हद्दपार झालं, कुणाला वेड्यांच्या इस्पितळात टाकलं. त्यांच्यामुळं एकही रणगाडा मागं फिरला नाही. पण रशियन माणूस म्हणजे फक्त रणगाडा नव्हे, हे चेक लोकांना सांगायला पुढं तेवढे ८ जण पुरले. आजही त्यांची नावं तिथं आदरानं घेतली जातात.

युद्ध कधीतरी संपतं. त्यानंतर शेजाऱ्यांना एकमेकांशी बोलावं लागतं. तेव्हा बोलायला सुरुवात कुठून करायची, ही जागा अशी थोडी माणसं राखून ठेवतात.

साशाचं पुढं काय झालं?

१ ऑगस्ट २०२४ ला रशिया आणि पाश्चात्त्य देशांमध्ये कैद्यांची मोठी अदलाबदल झाली. तुर्कस्तानात अंकाराच्या विमानतळावर एकूण २४ कैदी इकडचे तिकडं झाले. त्यात साशा स्कोचिलेन्को सुटली. कारा-मुर्झा, ओर्लोव, याशिनही सुटले. याशिन मात्र बाहेर आल्यावर म्हणाले, मला माझ्या मर्जीविरुद्ध देशाबाहेर काढलंय, मला रशियातच राहायचं होतं.

अलेक्सेई गोरिनोव यांचं नाव त्या यादीत नव्हतं. त्यांच्यावर तुरुंगातच आणखी एक खटला भरून नोव्हेंबर २०२४ मध्ये वाढीव शिक्षा सुनावण्यात आली.

भारतानं या युद्धात कोणाची उघड बाजू घेतलेली नाही. संयुक्त राष्ट्रांतल्या मतदानात आपण तटस्थ राहिलो आणि सप्टेंबर २०२२ मध्ये समरकंदला पंतप्रधान मोदींनी पुतीन यांना हा काळ युद्धाचा नाही, असं सांगितलं. सरकारांना तेल, शस्त्रं, शेजार असं बरंच काही बघावं लागतं. सामान्य माणसाला मात्र तेवढी गणितं नसतात. चूक कोणाची, हे त्याला मोकळेपणानं म्हणता येतं, निदान जिथं म्हणू दिलं जातं तिथं तरी.

त्या सुपरमार्केटमध्ये त्या दिवसांत तीन प्रकारची माणसं येऊन गेली. एक चिठ्ठी लावणारी, एक तक्रार करणारी आणि बाकी सामान घेऊन घरी जाणारी. कोणतंही साम्राज्य चालतं ते दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारच्या माणसांच्या जोरावर. म्हणूनच एका चित्रकाराच्या ५ चिठ्ठ्यांना ते ७ वर्षांची शिक्षा देतं. त्याला भीती त्या चिठ्ठ्यांची नसते. घरी जाणाऱ्यांपैकी कोणीतरी थांबून ती वाचेल, याची असते.